बंदुकीला परवाना आहे, दुरुस्तीला माणूस नाही



पाण्याची मोटर जळली तर आपल्याला वाइंडिंगवाला सापडतो. ट्रॅक्टर बंद पडला तर तालुक्याला मेकॅनिक आहे. फवारणीच्या पंपाचा वायसर आठवडी बाजारात मिळतो. पण रीतसर परवाना असलेली पीक संरक्षणाची बंदूक ऐन धान पिकायच्या दिवसांत चालेनाशी झाली, तर ती कोणाकडे न्यायची? या प्रश्नाला आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत उत्तर नाही. घोडा पडतो, टिक् असा आवाज होतो आणि पुढे काही होत नाही. समोर बांधीत डुकरांचा कळप असतो. हातात आजोबांच्या काळातले हत्यार असते आणि खिशात सरकारी शिक्क्याचा परवाना असतो. तिन्हींपैकी आपले काम चोख करतात ती फक्त डुकरे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. ज्या सरकारने शेतकऱ्याला बंदूक ठेवायची परवानगी दिली, त्याच सरकारने ती नीट ठेवण्याची वाट मात्र बंद करून ठेवली आहे. बिघडलेली बंदूक डुकरापेक्षा मालकाला जास्त धोक्याची असते. म्हणून दुरुस्तीची सोय तालुक्याच्या गावी झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत आपणही काही पथ्ये पाळली पाहिजेत.

कायदा काय म्हणतो

इंग्रजांनी १८७८ साली हत्यारांचा कायदा केला, तो हिंदी माणसाच्या हाती हत्यार राहू नये म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम आला. त्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. ठासणीची बंदूक पुरी पडत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे आपली भरमार आणि आपली बाराबोर ही कोणाची मेहेरबानी नाही. कायदा करणाऱ्यांना शेतातल्या नुकसानीची जाणीव होती, एवढे मान्य केले पाहिजे.

पण त्याच कायद्याचे कलम ५ वाचा. परवाना नसलेल्या माणसाने बंदूक बनवायची नाही, विकायची नाही आणि दुरुस्तही करायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी आहे. ज्या गावच्या लोहाराने तुमचा नांगराचा फाळ शेवटला, विळ्याला दाते काढून दिले, त्याने तुमच्या बंदुकीची स्प्रिंग बदलली तर तो सात वर्षांच्या कैदेचा धनी होतो. गावठी कट्टे बनवणाऱ्यासाठी कडक शिक्षा हवी, याबद्दल वाद नाही. पण कट्टेवाला आणि शेजाऱ्याची परवान्याची बंदूक ठोकून देणारा लोहार या दोघांना कायदा एकाच कलमात बसवतो. तेव्हा निदान परवानाधारक कारागीर शेतकऱ्याच्या आवाक्यात असावा, एवढी जबाबदारी सरकारवर येतेच की नाही?

आज काय करावे लागते? बंदूक कापडात गुंडाळा, परवाना बरोबर घ्या, लाखांदूरहून किंवा साकोलीहून नागपूरचा रस्ता धरा. एक दिवस जाण्यात, दुसरा आणण्यात. ऐन हंगामात दोन दिवसांची मजुरी आणि दोन रात्रींची जागल बुडते. त्या दोन रात्रींत डुकरे काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. ज्याची दोन एकर बांधी आहे, तो हा हिशेब करतो आणि बंदूक परत खुंटीला टांगतो.

बंदूक का रुसते

आपल्याकडे लांब नळीच्या कोणत्याही बंदुकीला रायफल म्हणायची सवय आहे. पण रायफलीच्या नळीला आतून पिळाच्या खाचा असतात. पीक संरक्षणाच्या बंदुकीची नळी आतून सपाट असते. मालगुजारीच्या आणि शिकारीच्या काळातल्या काही घरांत खरी जुनी रायफलही सापडते. ती बहुधा .३१५ ची असते, कारण फौजेची .३०३ इंग्रज सरकार साध्या माणसाला देत नसे. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेही .३१५ ची रायफल बनवली. हत्यार कोणतेही असो, बिघाडाची कारणे थोडीच असतात. ती ओळखता आली तर निम्मी भीती आणि निम्मा धोका कमी होतो.

सर्वांत आधी एक नियम. घोडा पडला आणि बार उडाला नाही, तर बंदूक खाली घेऊ नका, उघडू नका, नळीत डोकावू नका. नळीचे तोंड मोकळ्या जमिनीकडे धरून सावकाश साठ आकडे मोजा. कधी कधी दारू आतल्या आत धुमसत राहते आणि बार उशिरा उडतो. घाई केली की अशा वेळी हात जातो, डोळा जातो.

ठासणीच्या बंदुकीत टोपीच वाजली नाही, तर टोपी ओली आहे, नीट बसलेली नाही किंवा घोड्याची कमान ढिली झाली आहे. टोपी वाजली पण बार गेला नाही, तर निपलचे भोक काजळीने किंवा तेलाने बुजले आहे, नाहीतर दारू सर्द झाली आहे. दुसरे कारण जास्त आढळते, कारण आपण बार भरून बंदूक महिना महिना ठेवतो. भादव्यातल्या हवेत दारू ओल धरते. मग ती गेली नाही म्हणून कोणी तिच्यावर दुसरा बार ठासतो. दुहेरी बाराने नळी फाटते. यावर साधा उपाय आहे. बंदूक रिकामी असताना गज आत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. पुढे केव्हाही गज सोडल्यावर खूण वर राहिली, तर आत बार आहे असे समजा. असा अडकलेला बार गजाने उकरू नका. टोपी काढा आणि नळीत पाणी ओता. काळी दारू भिजली की पेटत नाही. मग पुढचे काम कारागिराचे.

बाराबोरमध्ये न उडालेले काडतूस स्वतः साक्ष देते. वर सांगितल्याप्रमाणे थांबून ते बाहेर काढा आणि मागच्या टिकलीवरचा खड्डा पाहा. खड्डा खोल आणि मधोमध असेल तर दोष काडतुसाचा. खड्डा उथळ किंवा एका बाजूला असेल तर दोष बंदुकीचा. पिन झिजली, स्प्रिंग थकली किंवा वर्षानुवर्षांचे तेल आत चिकट होऊन बसले. थंडीच्या पहाटे चालत नाही आणि दुपारी चालते अशी तक्रार असेल, तर आधी तेलाचा संशय घ्या. हेच .३१५ च्या बोल्टलाही लागू आहे. रिकामे काडतूस अडकून बसत असेल तर मागच्या घरात गंज आहे. बंदूक रिकामी करून बंद करा आणि कानाजवळ हलवा. बिजागरीत खडखड वाजत असेल तर ती बंदूक पुन्हा उडवू नका, कारण बाराचा जाळ मागे डोळ्याकडे येतो.

नळी मागून उघडून आकाशाकडे धरा आणि आतून पाहा. काळे ठिपके दिसले तर गंजाने खड्डे पाडले आहेत. आत गोल कडे दिसले तर नळी कधीतरी फुगली आहे, ती कामातून गेली. आणि प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला हे पाहाच पाहा. खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते. चिमूटभर चिखलही नळी फोडायला पुरतो.

जुन्या बाराबोरबद्दल आणखी एक. पूर्वीच्या पुष्कळ बंदुका अडीच इंची काडतुसासाठी केलेल्या आहेत. आज बाजारात मिळणारे काडतूस बहुधा पावणेतीन इंची असते. ते आत बसते, पण उडताना पुढे उलगडायला त्याला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ज्या नळीवर पिळाची नक्षी दिसते, ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असते. तिला आजचे काडतूस सोसत नाही. आणि ठासणीच्या बंदुकीत काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू तर कधीही घालू नका. काळ्या दारूच्या जागी ती घातली की बंदुकीचा बॉम्ब होतो.

हे करा, हे करू नका

पुसणे, वाळवणे, तेलाचा पातळ हात देणे ही निगा आहे. ती मालकाने करायचीच. काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. म्हणून वापरल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवा, कोरडी करा आणि तेल लावा. तेल थोडेच लावा. जास्त झाले की तेच टोपीत आणि निपलमध्ये उतरते.

पण पिनेच्या जागी खिळा बसवणे, चाप हलका व्हावा म्हणून आतली खाच घासणे, फाटक्या नळीला वेल्डिंग मारणे, दस्ता तारेने आवळून वेळ मारून नेणे हे करू नका, कोणाला करायला सांगूही नका. खाच घासलेल्या बंदुकीचा घोडा धुऱ्यावरून उडी मारताना आपोआप पडतो. नळी कापून आखूड करणे हा तर कलम ६ खाली वेगळा गुन्हा आहे. फटाक्यांची दारू काढून बार भरणारेही आहेत. दारू काय करते ते भंडाऱ्याला वेगळे सांगायला नको. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. तिथे तर शिकलेली, सरावाची माणसे होती. मग चुलीशेजारी बसून बार भरणाऱ्याची काय कथा?

आणि यातला विरोधाभास पाहा. देशाच्या फौजेला लागणारी दारू ज्या जिल्ह्यात तयार होते, शेजारच्या नागपुरात अंबाझरीला तोफगोळ्यांचा कारखाना आहे, त्या टापूतल्या शेतकऱ्याला एक पिन बदलून घ्यायला परजिल्ह्याची वाट धरावी लागते.

बंदूक बंद, तार चालू

यावर शहरातले लोक म्हणतील, बंदूक बंद पडली तर बरेच झाले, जनावरे वाचली. त्यांना माझा प्रश्न आहे. बंदूक बंद पडल्यावर शेतकरी काय करतो, हे तुम्ही पाहिले आहे का? डुकरांचा कळप रात्रभर धान लोळवतो, कापलेल्या कडपा तुडवतो, रचलेले पुंजणे उसकटतो. रोही तूर आणि हरभऱ्याचे शेंडे खाते. एवढे झाल्यावर कोणी हात जोडून बसत नाही. काही जण खांबावरून आकडा टाकतात आणि बांधीभोवती जिवंत तार सोडतात.

तार डूक, वाघ, माणूस असा भेद करत नाही. उमरेड-कऱ्हांडलाच्या प्रसिद्ध जय वाघाचा पिल्लू श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडच्या बाजूला अशाच तारेने मेला. रात्री मोटर सुरू करायला गेलेला शेतकरी, पहाटे गुरे शोधायला गेलेला गुराखी यांच्या मरणाच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. बंदुकीमागे परवाना असतो, नाव असते, नंबर असतो, आणि चाप ओढण्याआधी डोळा असतो. तारेला यातले काही नाही. ज्यांना वन्यप्राण्यांची खरी काळजी आहे, त्यांनी शेतकऱ्याची परवान्याची बंदूक नीट राहावी म्हणून आपल्या शेजारी उभे राहायला हवे.

इथे आपणही एक गोष्ट स्पष्ट समजून घेतली पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायचे तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. त्या परवानगीने मारलेले जनावरही सरकारच्या मालकीचे असते. घरी वाटे पाडायचे नाहीत. एरवी पीक राखायला बंदुकीचे मुख्य काम आवाजाचे. जागलीवरचा नुसत्या दारूचा एक बार कळपाला दोन धुरे पलीकडे नेतो. पण त्यालाही बंदूक वेळेवर वाजावी लागते आणि मालकाच्या तोंडावर फुटू नये लागते. आणि ज्यांच्याकडे रायफल आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की तिची गोळी दोन किलोमीटरच्या पलीकडेही जाते. आपल्या सपाट धानपट्ट्यात दोन किलोमीटरमध्ये एक गाव लागतेच.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात

बंदुका बिघडण्याचे आणखी एक कारण सरकारनेच तयार केले आहे. निवडणूक लागली की शस्त्रे जमा करण्याचे फर्मान निघते. गेल्या लोकसभेला भंडारा-गोंदियाचे मतदान १९ एप्रिल २०२४ रोजी झाले, तेव्हा उन्हाळी धान उभे होते. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, तेव्हा खरिपाचे धान कापणीला होते. म्हणजे एका वर्षात दोनदा, दोन्ही वेळा नेमक्या गरजेच्या दिवसांत हा विषय येतो. जमा झालेली बंदूक मालखान्याच्या कोपऱ्यात उभी राहते. तिथे तेल कोण देणार? परत येते तेव्हा गंज घेऊन येते.

कोणाचे शस्त्र जमा करायचे हे ठरवायला जिल्ह्यात छाननी समिती असते. ज्याच्यावर गुन्हा नाही, ज्याच्या परवान्यावर पीक संरक्षण असे लिहिले आहे, त्याची भरमार सरसकट गुंडाच्या पिस्तुलाबरोबर मोजण्याचे कारण काय?

वारसांचेही तेच. बाप वारला की बंदूक ठाण्यात जाते आणि मुलाचा अर्ज टेबलावरून टेबलावर फिरतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे. पण अर्ज निकाली निघेपर्यंत नळी खाऊन जाते. परवाना मिळतो तेव्हा घरी आणायला लोखंडाचा गज उरलेला असतो. नूतनीकरणाच्या वेळी नंबर जुळतो का ते पाहतात. घोडा नीट पडतो का, हे कोणी पाहत नाही.

जिल्हा बैठकीत काय ठरवायचे

रडून काही होत नाही. या बैठकीत पुढील मागण्यांचा ठराव करून तो जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना द्यावा, अशी माझी सूचना आहे.

एक. दरवर्षी खरिपाचे धान निसवायच्या आधी, भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांच्या गावी एकेक दिवस परवानाधारक बंदूक कारागीर बोलवावा. ठाण्याच्या आवारात, पोलिसांसमोर, नोंद ठेवून तपासणी आणि दुरुस्ती व्हावी. दुरुस्तीचे पैसे आपण देऊ, आपल्याला फुकट नको. कारागिराचा परवाना एकाच जागेपुरता असल्याची अडचण निघाली, तर जिल्हाधिकाऱ्यांनी गृहखात्याला लिहून मंजुरी आणावी.

दोन. जी बंदूक कारागीर वापरायला अयोग्य ठरवील, तिच्या बदल्यात त्याच परवान्यावर दुसरी घेण्याची परवानगी एका महिन्यात द्यावी. ठासणीची पुरत नसेल तर बाराबोरचा विचार करण्याची मुभा कलम १३ मध्ये आहेच.

तीन. पीक संरक्षणाच्या शस्त्रांचा निवडणुकीत प्रकरणागणिक विचार व्हावा. जमा करावेच लागले तर पावतीवर बंदुकीची स्थिती लिहावी आणि कोरड्या जागेत ठेवावी.

चार. वारसांचे अर्ज मुदतीत निकाली काढावेत.

पाच. नुकसानीच्या अर्जावर वनक्षेत्रपालाने पीक उभे असतानाच निर्णय द्यावा आणि सौर कुंपणाचे अनुदान जंगलाला लागून असलेल्या कोका, नागझिरा आणि उमरेड-कऱ्हांडला भागातल्या गावांना आधी द्यावे. कुंपण झाले तर बंदुकीची गरजच कमी होईल, आणि त्याचा आनंद शेतकऱ्यालाच सर्वांत जास्त होईल. रात्रभर माळ्यावर बसायची हौस कोणाला आहे?

एक काम मात्र सरकारवर न टाकता आपण करायचे आहे. गावी गेल्यावर ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांना एकत्र बसवा. प्रत्येकाने नळी रिकामी असल्याची खात्री करून ती आकाशाकडे धरून पाहावी, गजावर खूण करावी, बिजागरी हलवून बघावी. जी खडखडते, जिच्या नळीत कडे दिसते, तिच्या दस्त्याला लाल चिंधी बांधावी आणि कारागिराने पाहीपर्यंत ती उडवू नये. अशा किती बंदुका निघाल्या, याचा आकडा पुढच्या बैठकीला गावागावांतून आणावा. तो आकडा हातात असला म्हणजे साहेबांना पाहू, करू, वर कळवू असे म्हणून वाटेला लावता येणार नाही.